चाकाचे वय ओढ्यांवर मोजावे

दोन लाख किलोमीटर झालेली फोर-बाय-फोर गाडी दारात उभी असली, की चाकांच्या बेअरिंगबद्दल मालकाला एकच प्रश्न पडतो: ‘बदलायला झाले का?’ उत्तरासाठी तो मीटरकडे बघतो. चाक किती फिरले ते मीटर बरोबर सांगतो, पण त्या फेऱ्या कशातून झाल्या हे त्याला ठाऊक नसते. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे पन्नास हजार किलोमीटर आणि भोर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर भर पावसात झालेले पाच हजार किलोमीटर, यांत बेअरिंगला दुसरे अंतर जड जाऊ शकते. या लेखाचे म्हणणे एवढेच, की कच्च्या वाटेच्या गाडीत बेअरिंग आणि ॲक्सलचे सांधे वयाने क्वचित मरतात. पाणी, माती आणि चुकीची आवळणी त्यांना त्याआधीच गाठते. तेव्हा देखभालीचा हिशेब गाडी किती वेळा ओढ्यात उतरली आणि किती वेळा चिखलात रुतली यावर ठेवावा. बैलगाडीचा गाडीवान वंगणाचा नळा गाडीखाली टांगूनच निघत असे. त्याच्याकडे मीटर नव्हता. पुढची वाट कशी आहे ते बघून तो कण्याला वंगण घाली.

हे म्हणणे आधी गणितावर घासून पाहू. बेअरिंगचे आयुष्य काढण्याची जी रीत आज जगभर वापरतात, तिचा पाया लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये घातला. एकाच जातीची शंभर बेअरिंग घेतली तर त्यांतली नव्वद जेवढ्या फेऱ्या पार करतील, तेवढे त्या जातीचे आयुष्य धरतात. निम्मी बेअरिंग तर या आकड्याच्या साधारण पाचपट टिकतात. म्हणजे नीट बसवलेले आणि स्वच्छ ग्रीसमध्ये फिरणारे बेअरिंग गाडीच्या जोडीने म्हातारे व्हायला हरकत नसते. त्याच सूत्राचा दुसरा अर्थ मात्र कडक आहे. जीपवर्गातल्या गाड्यांच्या हबमध्ये सहसा निमुळत्या रोलरची बेअरिंग असतात. त्यांच्यावरचा भार वीस टक्क्यांनी वाढला, की आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. भार दुप्पट झाला तर दहाव्या हिश्श्यावर. वडापच्या जीपमध्ये कोंबलेली माणसे, दिसायला रुबाबदार वाटणारे रुंद टायर आणि चाक बाहेर सरकवणारे स्पेसर या सगळ्यांची किंमत इथे वसूल होते. चाक जितके बाहेर, तितकी बेअरिंगवरची तरफ लांब.

पण हे सूत्र एक गोष्ट गृहीत धरते: ग्रीस स्वच्छ आहे. रोलर आणि त्याचा कप, म्हणजे बाहेरचे कडे, यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. एवढ्याशा फटीत डोळ्याला न दिसणारा मातीचा कणही धोंड्यासारखा सापडतो. रोलर त्याला कपाच्या पृष्ठभागावर दाबतो, तिथे सूक्ष्म खळगा पडतो, खळग्याची कड वर येते आणि पुढच्या हजारो फेऱ्यांत त्या कडेपासून पोलादाचे पापुद्रे सुटू लागतात. पाण्याचा मार याहून गुपचूप असतो. ते तेलाचा थर तोडते आणि गाडी उभी राहिली की जिथे रोलर टेकलेला असतो नेमका तिथे गंज धरते. म्हणूनच पावसाळाभर शेडमध्ये निवांत उभी असलेली गाडी दिवाळीत अचानक गुरगुरू लागते. मीटर जूनमध्ये होता तिथेच असतो, पण हबमध्ये शिरलेले पाणी चार महिने आपले काम करत राहिलेले असते.

पाणी आत शिरते कसे, हे समजले की अर्धी देखभाल समजली. समजा, तुम्ही वरंध घाटासारखा लांब उतार ब्रेक दाबत उतरलात आणि पायथ्याच्या ओढ्यात तशीच गाडी घातलीत. ब्रेकच्या उष्णतेने हबमधली हवा ८० अंश सेल्सिअसला पोहोचली होती आणि ओढ्याच्या पाण्याने ती ३० अंशांवर आली, असे धरू. बंद जागेतल्या हवेचा दाब यामुळे सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो. हे ओढणे साधारण १.४ मीटर पाण्याच्या दाबाइतके भरते. प्रत्यक्षात ओढा गुडघाभर असतो, म्हणजे सीलवर पाण्याचा स्वतःचा दाब अर्ध्या मीटरचाही नसतो. हब पूर्ण थंड होण्याआधी गाडी पलीकडे गेली तरी ओढ थोडीफार निर्माण होतेच. थोडक्यात, पाणी ढकलल्यामुळे जितके आत येते त्याहून जास्त ते हबच आत ओढून घेतो. त्यातून ऑइल सीलची रचनाही पाण्याच्या बाजूची आहे. त्याच्या ओठाची स्प्रिंग आतल्या बाजूला असते, कारण त्याचे मुख्य काम ग्रीस बाहेर जाऊ न देणे हे आहे. बाहेरचे पाणी अडवण्यात ते लंगडे पडते. यावरून निघणारा पहिला नियम फुकटात पाळता येतो: उतारावरून थेट पाण्यात जाऊ नका. काठावर दहा-पंधरा मिनिटे थांबा. हबला हात लावून बघा. हात टेकवत नसेल तर अजून थांबा.

हीच गोष्ट ॲक्सलच्या हाऊसिंगची. डिफरेन्शियलमधली तापलेली हवा बाहेर जावी आणि थंड झाल्यावर परत आत यावी म्हणून वर एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला तर हाऊसिंग श्वास घेते ते ॲक्सलच्या सीलमधून, आणि पाण्यात असताना तो श्वास पाण्याचाच असतो. उलट गाडी तापली की आतला दाब गिअर ऑइलला सीलबाहेर ढकलतो आणि ते ब्रेकच्या लायनरवर येते. नवे सील टाकूनही महिन्याभरात तेल गळू लागले, तर सीलच्या कंपनीला दोष देण्याआधी ब्रीदर बोटाने फिरवून बघा. बऱ्याच गाड्यांत त्याला रबरी नळी जोडून तिचे तोंड चासीच्या वर नेता येते. हा खर्च एका सीलइतकाही नाही. ओढ्यानंतर डिफरेन्शियलचा प्लग सैल करून थोडे तेल बाहेर घ्या. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी आत गेले आहे. तेल बदलण्यासाठी पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.

इथे जुन्या मिस्त्रींचा एक आक्षेप ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, हब ग्रीसने ठासून भरा, म्हणजे हवा राहणार नाही आणि पाण्याला जागाच उरणार नाही. या बोलण्यात तथ्य आहे. ट्रॅक्टरच्या वेगाने चालणाऱ्या यंत्राला ते एकवेळ चालेल. पण तीच गाडी महामार्गावर ऐंशीच्या वेगाने निघाली, की ठासलेले ग्रीस घुसळले जाते, तापते, फुगते आणि सील ढकलून ब्रेकवर जाते. म्हणून मधली वाट बरी. बेअरिंगच्या रोलरांमध्ये ग्रीस तळहाताने दाबून पूर्ण भरावे, दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. हबची पोकळी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. आणि सीलच्या ओठाला वेगळा हात फिरवावा. ग्रीसची जात यापेक्षा महत्त्वाची. दुकानात सर्वांत स्वस्त मिळणारे चेसिस ग्रीस बहुधा चुन्याच्या साबणाचे असते. ते पाण्याला दाद देत नाही, पण शंभर अंशांच्या आतच पातळ होऊन वाहू लागते. घाटात तापलेल्या हबमध्ये त्याचे काम नाही. लिथियम कॉम्प्लेक्स जातीचे, दोन नंबरचे व्हील बेअरिंग ग्रीस घ्या. सतत पाण्यात जाणाऱ्या गाडीला कॅल्शियम सल्फोनेट जातीचे त्याहून चांगले. दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नका. जुने पूर्ण धुऊन काढल्याशिवाय नवे भरणे म्हणजे ताज्या दुधात शिळे ओतणे.

आता तपासणी. हब न उघडताही बरेच कळते आणि आधी तेवढेच करावे. सपाट जागेवर बाकीच्या चाकांना दगड लावा, चाक जॅकने उचला आणि ॲक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर घाईने बेअरिंगवर आरोप ठेवू नका. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा. डावीकडे-उजवीकडे हलवल्यावरच खडखड येत असेल तर बहुधा टाय रॉडचा. मग एक हात स्प्रिंगवर टेकवून दुसऱ्याने चाक फिरवा. कानाला न ऐकू येणारी खरखर पोलादातून तळव्याला येते. रस्त्यावर बिघडलेले बेअरिंग विमानासारखे गुणगुणते आणि वेगाबरोबर सूर चढतो. डावीकडे वळताना सूर वाढला तर उजव्या चाकावर संशय घ्या, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो. प्रवास संपल्यावर चारही हबचे तापमान हाताने किंवा साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरने ताडून बघा. एकटाच हब गरम असेल तर बेअरिंग तरी बिघडले आहे किंवा ब्रेक तरी चिकटतो आहे. आणखी एक खूण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: ब्रेकचे पेडल पहिल्यांदा खोल जाते आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येते. सैल हबमुळे डिस्क डुलते, पॅड मागे ढकलले जातात, आणि उतारावर पहिला ब्रेक वाया जातो.

संशय आला किंवा हब बुडेल इतक्या पाण्यात गाडी गेली, तर मग उघडाच. या कामाची खरी कमाई म्हणजे आतल्या खुणा वाचता येणे. काढलेला कोन, म्हणजे रोलरांसह आतले कडे, डिझेलमध्ये धुवा आणि सुकू द्या. कॉम्प्रेसरच्या हवेने भिरभिर फिरवू नका, कोरडे बेअरिंग त्यातच ओरखडते. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, तिचे धागे रोलरमध्ये अडकतात. मग कप उजेडात धरा आणि सावकाश फिरवा. सारखी, मंद राखाडी चमक म्हणजे बेअरिंग ठणठणीत; दोन लाखांवरही ते परत बसवायला हरकत नाही. रोलरांच्या अंतराने पडलेल्या काळ्या-तपकिरी उभ्या रेघा म्हणजे पाणी आत होते आणि गाडी उभी होती. टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके म्हणजे माती. निळसर किंवा गव्हाळ छटा म्हणजे ते तापले होते. ग्रीस कमी पडले किंवा नट फार आवळला होता. पापुद्रे निघालेला पट्टा कपाच्या एकाच बाजूला असेल तर स्टब ॲक्सल वाकला आहे का ते पाहा. असा कप बदलताना कोनही बदलावा. जुन्या कपात नवा कोन घालणे ही काटकसर चार महिने टिकते. सील जिथे घासते त्या जागेवर नख फिरवा. नख अडकले तर तिथे चर पडली आहे, आणि त्या चरीवर कितीही महागडे सील टाकले तरी पाणी त्याच वाटेने येणार.

उघडण्याहून कठीण काम म्हणजे परत आवळणे, कारण चांगली बेअरिंग सर्वाधिक याच क्षणी मारली जातात. कप ठोकताना कपाच्याच कडेवर ठोका, रोलरवरून कधीही नाही. मऊ पितळी ठोकणी वापरा, म्हणजे पोलादाची कपची उडत नाही. निमुळत्या बेअरिंगचा नट हब फिरवत फिरवत आधी घट्ट करायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो पूर्ण सैल करून पुन्हा हलक्या हाताने आणायचा. अनेक गाड्यांत यानंतर साधारण ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर प्ले सोडतात. काहींत उलट थोडा दाब ठेवतात आणि तो स्प्रिंग काट्याने हब ओढून मोजतात. तुमच्या गाडीची पुस्तिका यातले जे सांगेल ते खरे. ‘हाताचा अंदाज’ कितीही अनुभवी असला तरी पुस्तिकेच्या पुढे नाही. नवा लॉक वॉशर, नवी कॉटर पिन. पन्नास किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा प्ले बघा, कारण नवे कप थोडे बसतात. अलीकडच्या गाड्यांत येणाऱ्या सीलबंद हब युनिटमध्ये मात्र हा अंदाजाचा भाग नसतो. तिथे नटाची आवळणीच आतला दाब ठरवते, म्हणून टॉर्क पाना लागतोच, आणि नट पूर्ण आवळेपर्यंत गाडीचे वजन त्या चाकावर टाकायचे नसते.

बेअरिंगइतकीच दुर्लक्षित जागा म्हणजे सांधे. पुढच्या चाकाला ताकद पोहोचवत वळायचे असते. साध्या क्रॉसच्या सांध्यात तीस अंशांचा कोन झाला, तर पुढचा शाफ्ट एका फेरीत दोनदा मंदावतो आणि दोनदा धावतो. त्याचा वेग मागच्या शाफ्टच्या ०.८७ पट ते १.१५ पट असा हिंदकळतो. म्हणून चाकाजवळ गोळ्यांचा समवेगी सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट वापरतात. त्याचे सारे आयुष्य एका रबरी बुटावर अवलंबून आहे. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला आहे. त्याच आठवड्यात लक्ष दिले तर सांधा धुऊन, गोळ्यांचे मार्ग तपासून, नवा बूट आणि मॉलिब्डेनमचे ग्रीस घालून भागते. एक पावसाळा तसाच काढला तर पूर्ण वळणात ‘टक्-टक्’ सुरू होते आणि मग सांधाच बदलावा लागतो. गाडी उंच करणाऱ्या किटने हे सांधे सरळ रेषेतही वाकलेले राहतात आणि बुटाच्या घड्या सतत घासतात. उंची वाढवणाऱ्याने बूट दुप्पट वेळा बघावेत. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस वेगळ्या रीतीने बोलतात. रिव्हर्समधून पहिल्या गिअरला येताना ‘टण्’ झाले, टोपीभोवती विटकरी पूड दिसली किंवा हळू चालताना चिमणीसारखी तालात चिवचिव आली, तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत. ग्रीस गन मारताना चारही टोप्यांतून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. तीनच टोप्यांतून आले तर चौथी तीच आहे, जी पुढे तुटणार आहे. शाफ्ट काढण्याआधी सरकत्या जोडावर दोन्ही बाजूंना खूण करा. दोन क्रॉस एकमेकांचे हिंदकळणे मारतात ते त्यांचे काटे एका रेषेत असतील तरच. एक दात चुकून बसवला तर नवा क्रॉसही धडधडतो.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, कंपनीचे वेळापत्रक असताना ही नवी शिस्त कशाला? तर त्याच पुस्तिकेत बहुधा खडतर वापरासाठी वेगळी, कमी अंतराची नोंद असते. धूळ, चिखल, पाणी आणि जड ओझे हे सारे त्यात बसते. आपली गाडी त्या रकान्यात आहे हे मान्य करणे एवढीच शिस्त आहे. दुसरा आक्षेप, एवढे उघडत बसण्यापेक्षा ठरावीक अंतरावर सगळे नवे का टाकू नये? कारण नवे बेअरिंगही त्याच गळक्या सीलमागे आणि त्याच चुकीच्या आवळणीत बसणार. मरणाचे कारण न बघता फक्त प्रेत बदलले, तर पुढचे प्रेत ठरलेले. एका बाजूचे गेले म्हणून दुसऱ्या बाजूचे निरोगी बेअरिंगही फेकू नका. मात्र दोन्ही एकाच ओढ्यात बुडाली असतील तर दुसरे उघडून वाचा. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: वारंवार उघडल्याने धूळ आत जाते. हे खरे आहे. म्हणूनच रस्त्याच्या कडेला, वाऱ्यात हब उघडू नये, आणि बाहेरून प्ले, सूर व तापमान ठीक असेल तर उगाच हातही लावू नये. उघडण्याला कारण हवे, आणि हब बुडणे हे पुरेसे कारण आहे.

आपल्याकडे या कामाला दोन मुहूर्त आपोआप मिळतात. मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, सील, बूट आणि ब्रीदर बघावेत. त्यामुळे पाणी बाहेर राहते. ओढे ओसरल्यावर, दसऱ्याच्या आसपास, आत काय गेले ते बघावे. दसऱ्याला गाडी धुतली जातेच, आणि नेमका तिथेच एक घोटाळा होतो. सर्व्हिस स्टेशनवरचा प्रेशर पंप हबवर आणि क्रॉसच्या टोप्यांवर जवळून मारला, की ओढ्याला जे चार महिने जमले नाही ते एका मिनिटात होते. फवारा चाकाच्या मध्यापासून दूर ठेवायला सांगा. आणि डॅशबोर्डच्या खणात एक साधी वही ठेवा. तिच्यात तारीख, कुठला ओढा, पाणी हबच्या वर गेले की खाली, आधी गाडी थंड केली की नाही आणि नंतर कोणता हब गरम लागला, एवढे पाच रकाने पुरे. मीटरचा आकडा लिहायचा असेल तर सहावा रकाना करा. पुढच्या वेळी ‘बदलायला झाले का?’ असा प्रश्न पडेल तेव्हा पहिले पाच रकाने आधी वाचा.